व्यापार करारात माणसाचं कलम कसं शोधायचं

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांच्या 'एफ्टा' गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. चर्चा झाली ती पंधरा वर्षांत येऊ घातलेल्या १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीची आणि स्वस्त होणाऱ्या स्विस घड्याळांची. त्याच कराराचं अकरावं प्रकरण 'व्यापार आणि शाश्वत विकास' या विषयाला वाहिलेलं आहे. संघटना करण्याचा हक्क, सक्तीची मजुरी, बालमजुरी, कामातला भेदभाव हे विषय त्यात येतात. युरोपीय देशांशी केलेल्या व्यापार करारात भारताने असं स्वतंत्र प्रकरण पहिल्यांदाच मान्य केलं. पाठोपाठ २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी करार झाला, त्यातही कामगारांवर आणि स्त्री-पुरुष समानतेवर वेगळी प्रकरणं आहेत.

पूर्वी या विषयावर भारताचं उत्तर ठरलेलं होतं: कामगारांचे प्रश्न आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत बोलू, व्यापाराच्या टेबलावर नको. आता ते टेबलावर आले आहेत. म्हणून युनियनचे कार्यकर्ते, निर्यात करणारे लहान कारखानदार, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, पत्रकार आणि कायद्याचे विद्यार्थी यांनी हे करार स्वतः वाचायला शिकलं पाहिजे. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते पूर्ण मिळतात. पानं शेकड्यांनी असतात, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत जाण्याची गरज नाही. कुठे बघायचं आणि काय विचारायचं, तेवढं ठाऊक हवं.

माझा अनुभव असा की वाचक आधी 'मानवी हक्क' हे शब्द शोधतो, ते सापडले की समाधान मानतो आणि नाही सापडले की निराश होतो. दोन्ही घाईचं आहे. हक्काचं नाव कलमात आहे का, याहून महत्त्वाचे प्रश्न दोन: ते कलम मोडलं तर तक्रार कोण करू शकतं? आणि त्या तक्रारीवर निकाल कोण देतं? यांचं उत्तर मिळालं की कलमाचं वजन कळतं.

सुरुवातीचं आणि शेवटचं पान

सगळ्यात आधी कलम १ किंवा २ काढा. युरोपीय संघाच्या करारांत मानवी हक्कांचं कलम तिथे असतं. ते तिथे का आलं, याचं कारण युगांडात आहे. सत्तरच्या दशकात इदी अमीनच्या राजवटीत माणसं मारली जात होती आणि युरोप मात्र आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांशी केलेल्या लोमे कराराने बांधला गेल्यामुळे युगांडाला ठरलेले पैसे देत होता. हक्क पायदळी तुडवले म्हणून करार थांबवण्याची सोयच त्यात नव्हती. १९७७ मध्ये युरोपने कशीबशी एक राजकीय भूमिका जाहीर केली, पण कायदेशीर आधार हाती नव्हता. त्यानंतर हळूहळू करारांमध्ये एक वाक्य येऊ लागलं: मानवी हक्कांचा आणि लोकशाही तत्त्वांचा आदर हा या कराराचा 'आवश्यक घटक' आहे.

या दोन शब्दांमागे करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना संकेताचं कलम ६० आहे. कराराच्या उद्देशासाठी आवश्यक असलेली तरतूद एका पक्षाने मोडली, तर दुसरा पक्ष करार स्थगित करू शकतो किंवा संपवू शकतो. मानवी हक्कांना 'आवश्यक घटक' म्हटलं की त्यांची पायमल्ली हा व्यापार कराराचाही भंग होतो. हे शब्द नसतील तर तुरुंगात कितीही माणसं कोंबली, तरी आयात शुल्काच्या तक्त्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

भारतातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे की आपण असं कलम तीस वर्षांपूर्वीच मान्य केलं आहे. युरोपीय समुदाय आणि भारत यांचा सहकार्य करार २० डिसेंबर १९९३ रोजी झाला आणि ऑगस्ट १९९४ पासून लागू झाला. त्याच्या कलम १ मध्ये मानवी हक्कांचा आदर हा सहकार्याचा पाया आणि कराराचा आवश्यक घटक असल्याचं लिहिलं आहे. गंमत नव्हे, इतिहास आहे: याच करारावरून पोर्तुगाल युरोपच्या न्यायालयात गेला होता. असं कलम घालण्याचा अधिकार युरोपीय समुदायाच्या मंत्रिपरिषदेला या मार्गाने मिळतच नाही, हे त्याच्या आक्षेपांपैकी एक होतं. ३ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. युरोपच्या मानवी हक्क कलमांचा कायदेशीर पाया ज्या निकालावर उभा आहे, तो भारताशी झालेल्या करारावरचा आहे.

पहिलं कलम वाचलं की थेट शेवटच्या भागात जा आणि 'करार न पाळल्यास' अशा अर्थाचं कलम शोधा. १९९५ मध्ये युरोपने आपल्या करारांसाठी साचा ठरवला. सुरुवातीला आवश्यक घटक, शेवटी 'योग्य उपाय' करण्याची मुभा. त्या मुभेआधी सल्लामसलत सक्तीची आहे का? 'विशेष तातडी' असेल तर ती वगळता येते का? उपाय निवडताना कराराला कमीत कमी धक्का लागेल असा निवडायचा, अशी अट आहे का? हे तीन प्रश्न तिथेच विचारायचे. पहिल्या पानावर कलम आणि शेवटच्या पानावर काहीच नाही, अशी स्थिती असेल तर ते कलम राजकीय दबावाच्या कामाचं आहे, त्याहून फार नाही.

सगळेच देश ते स्वीकारत नाहीत. ऑस्ट्रेलियाने नव्वदच्या दशकात असं कलम नाकारलं आणि १९९७ मध्ये कराराऐवजी नुसत्या संयुक्त जाहीरनाम्यावर भागवलं. तेव्हा हे कलम गरीब देशांच्याच माथी मारलं जातं, या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

कलम असूनही ते कधी वापरलं जातं? आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांशी २००० मध्ये झालेल्या कोटोनू कराराचा इतिहास पाहा. त्याच्या कलम ९६ खाली फिजी, झिम्बाब्वे, मादागास्कर, बुरुंडी अशा देशांशी सल्लामसलत झाली. बहुतेक वेळा निमित्त लष्करी बंडाचं किंवा उधळलेल्या निवडणुकीचं होतं आणि थांबवली गेली ती मदत, व्यापार क्वचितच. रोजच्या छळाबद्दल, कमी मजुरीबद्दल, युनियन मोडल्याबद्दल हे कलम हललेलं नाही. इस्रायलशी असलेल्या करारातही कलम २ आहे. तिथे भंग झाल्याच्या खुणा दिसतात असं युरोपच्या स्वतःच्या पाहणीने जून २०२५ मध्ये म्हटलं, सप्टेंबरात युरोपीय आयोगाने व्यापार सवलती स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडला, आणि मग सदस्य देशांची मतं जुळवण्यावर गाडं येऊन थांबलं. हे कलम सरकारांच्या हातातलं आहे. कामगाराला त्यावरून थेट काही मागता येत नाही.

कामगारांचं प्रकरण: क्रियापदं आणि अटी

म्हणून दुसरं आणि जास्त उपयोगाचं ठिकाण म्हणजे कामगारांचं किंवा शाश्वत विकासाचं प्रकरण. इथे मात्र प्रत्येक वाक्य पेन्सिल घेऊन वाचा. दोन खटले शेजारी ठेवले की कशावर लक्ष ठेवायचं ते कळतं.

पहिला ग्वाटेमालाचा. मध्य अमेरिकी देशांशी अमेरिकेने केलेल्या करारात लिहिलं होतं की कुठल्याही देशाने आपले कामगार कायदे अमलात आणण्यात 'सतत किंवा वारंवार' कुचराई करू नये, आणि तीही 'व्यापारावर परिणाम होईल अशा रीतीने'. ग्वाटेमालातल्या सहा युनियन आणि अमेरिकेतला कामगार महासंघ यांनी एप्रिल २००८ मध्ये तक्रार केली. युनियन केली म्हणून माणसं काढून टाकली जात होती, न्यायालयाने कामावर घ्या म्हटलं तरी मालक घेत नव्हते आणि सरकार बघत बसलं होतं. निकाल लागला जून २०१७ मध्ये. आठ ठिकाणी, ७४ कामगारांच्या बाबतीत सरकारने कायदा अमलात आणला नाही, हे पंचांनी मान्य केलं. तरीही तक्रार फेटाळली गेली, कारण या कुचराईमुळे व्यापारातल्या स्पर्धेवर परिणाम झाला, हे पुरेशा ठिकाणी सिद्ध झालं नाही. नऊ वर्षं गेली. अन्याय झाला हे पंचांनी मानलं आणि तरी ७४ जणांच्या हाती काही पडलं नाही, ते या दोन अटींमुळे.

दुसरा दक्षिण कोरियाचा. युरोपशी असलेल्या करारात कोरियाने संघटना स्वातंत्र्याचं तत्त्व पाळण्याचं आणि श्रम संघटनेचे मूलभूत संकेत मंजूर करण्यासाठी 'सातत्याने प्रयत्न' करण्याचं मान्य केलं होतं. काढून टाकलेले आणि स्वयंरोजगारातले कामगार कोरियाच्या युनियन कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हते. युरोपने तक्रार केली. कोरियाने बचाव केला की यात व्यापाराचा संबंध काय? जानेवारी २०२१ मध्ये तज्ज्ञ मंडळाने तो बचाव नाकारला. त्या प्रकरणात 'व्यापारावर परिणाम' ही अटच नव्हती. तत्त्व पाळण्याचं बंधन खरं आहे असं मंडळाने म्हटलं आणि कोरियाचा कायदा त्याच्याशी विसंगत ठरवला. संकेत मंजूर करण्याच्या बाबतीत मात्र 'प्रयत्न' एवढंच बंधन असल्याने कोरिया तिथे सुटला. तरी एप्रिल २०२१ मध्ये कोरियाने तीन मूलभूत संकेतांना मंजुरी दिली. या खटल्यात एक पैशाचा दंडही नव्हता.

तेव्हा भारताच्या कोणत्याही करारात हे प्रकरण उघडलं की 'पाळेल' आणि 'प्रयत्न करेल' यांखाली वेगवेगळ्या रेघा मारा. 'व्यापारावर किंवा गुंतवणुकीवर परिणाम होईल अशा रीतीने' ही शब्दरचना कुठे कुठे आली आहे ते पाहा. मग तंटा निवारणाच्या प्रकरणात जाऊन हे प्रकरण त्याच्या कक्षेत येतं की वगळलं आहे, ते तपासा. एफ्टा कराराचं अकरावं प्रकरण वगळलेलं आहे. त्यावर चर्चा होऊ शकते, लवाद नाही.

हे वाचताना भारताची स्वतःची स्थिती समोर ठेवा. श्रम संघटनेच्या दहा मूलभूत संकेतांपैकी सहा भारताने मंजूर केले आहेत. संघटना स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा आणि सामूहिक वाटाघाटीचा ९८ क्रमांकाचा हे दोन्ही अजून बाकी आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांवरचे निर्बंध त्यांच्याशी जुळत नाहीत, हे सरकारचं नेहमीचं कारण. नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचे दोन्ही करार आपण १९७९ मध्ये मान्य केले. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही. व्यापार करारात 'आपण मंजूर केलेल्या संकेतांची अंमलबजावणी' असं लिहिलं असेल, तर युनियनचा हक्क त्यातून अलगद निसटतो. 'मूलभूत तत्त्वांचा आदर' असं लिहिलं असेल तर तो आत राहतो.

याच प्रकरणात आणखी एक कलम हमखास असतं: व्यापार किंवा गुंतवणूक खेचण्यासाठी कामगार कायद्याचं संरक्षण कमी करायचं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली. अशा बदलाचा हेतू 'गुंतवणूक आकर्षित करणं' असा सरकारने स्वतःच सांगितला असेल, तर ते निवेदन, ती बातमी, तो शासन निर्णय जपून ठेवा. ग्वाटेमालात कामगार कायदा आणि व्यापार यांच्यातला धागाच पुराव्याने जोडता आला नाही.

सवलत काढून घेतली की कोणाला लागतं

करारांखेरीज एकतर्फी सवलतींची एक वाट आहे. युरोप विकसनशील देशांना कमी शुल्कात माल आणू देतो आणि 'जीएसपी प्लस' योजनेत २७ आंतरराष्ट्रीय संकेत पाळण्याच्या बदल्यात आणखी सूट देतो. ही योजना आज ज्या रूपात आहे, त्याला भारत कारण आहे. अमली पदार्थांविरुद्ध लढणाऱ्या देशांना युरोप विशेष सवलत देत होता आणि तिचा लाभ पाकिस्तानला मिळू लागला, तेव्हा भारताने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. एप्रिल २००४ मध्ये अपील मंडळाने सांगितलं की गरीब देशांमध्ये फरक करायचा असेल तर वस्तुनिष्ठ निकष हवेत, आणि सारखी गरज असणाऱ्या सगळ्यांना ती सवलत मिळायला हवी. त्यानंतर युरोपने नावांची बंद यादी सोडून निकषांची योजना आणली. १९९६ च्या सिंगापूर परिषदेतही कामगार प्रश्न व्यापार संघटनेत आणू नका, असं म्हणणाऱ्यांत भारत आघाडीवर होता. श्रीमंत देश कामगारांच्या नावाने आपला बाजार बंद करतील, ही भीती खोटी नव्हती. पण त्याच भीतीच्या आडून आपल्याच कामगाराला युनियनचा हक्क नाकारणं मला मान्य नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात.

श्रीलंकेची जीएसपी प्लस सवलत ऑगस्ट २०१० मध्ये काढली गेली आणि मे २०१७ मध्ये परत मिळाली. कंबोडियाची सवलत ऑगस्ट २०२० पासून अंशतः गेली, तिथल्या युरोपकडे जाणाऱ्या मालाच्या सुमारे पाचव्या हिश्शावर. विरोधी पक्षावर बंदी घालणाऱ्या राज्यकर्त्यांना शिक्षा म्हणून शुल्क लावलं गेलं ते कपड्यांवर, बुटांवर आणि प्रवासी बॅगांवर. हे सगळं शिवतात त्या बाया, आणि तेव्हा करोनाची साथ चालू होती. मागणी करताना हे लक्षात ठेवा: सबंध देशाची सवलत काढा, अशी मागणी सोपी असते आणि तिचा फटका बहुतेकदा चुकीच्या माणसाला बसतो.

याहून नेमकी पद्धत मेक्सिकोत दिसली. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा करार जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यात एकेका कारखान्यापुरती वेगवान तक्रार यंत्रणा आहे. सिलाओ गावातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात सहा हजारांहून अधिक कामगार. जुनी युनियन मालकाशी मिळालेली, आणि वेतन कराराला कामगारांची मान्यता आहे की नाही यावर एप्रिल २०२१ मध्ये मतदान चालू असताना मतपत्रिकाच नष्ट केल्या गेल्या. मेमध्ये अमेरिकेने यंत्रणा वापरली. सुधारणा झाली नसती तर फक्त त्या कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांची शुल्क सवलत जाणार होती. ऑगस्टमध्ये देखरेखीखाली पुन्हा मतदान झालं आणि कामगारांनी जुना करार नाकारला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी स्वतःची स्वतंत्र युनियन निवडली आणि मेमध्ये तिने साडेआठ टक्के पगारवाढ मिळवली. ग्वाटेमालाला नऊ वर्षं, सिलाओला एक. फरक कलमाच्या बांधणीत आहे: तक्रार कामगार करू शकतात, मुदती दिवसांत मोजल्या आहेत, आणि दंड त्याच कारखान्याला बसतो. भारताच्या पुढच्या करारांसाठी काही मागायचं असेल तर हे मागा. मात्र मेक्सिकोच्या करारात ही यंत्रणा बरीच एकतर्फी आहे, मेक्सिकोतल्या कारखान्यांवर ती जितकी चालते तितकी अमेरिकेतल्या कारखान्यांवर चालत नाही. दोन्ही बाजूंना सारखी लागू, ही अट त्यात घालूनच मागा.

जिथे हक्काचं नावही नसतं

सगळ्यात मोठे परिणाम पुष्कळदा 'मानवी हक्क' हे शब्द नसलेल्या प्रकरणांतून येतात. बौद्धिक संपदेचं प्रकरण वाचल्याशिवाय करार वाचला असं म्हणू नका. पेटंट मंजूर होण्याआधीच कुणालाही हरकत घेता येते, ही भारतीय कायद्यातली सोय परदेशी औषध कंपन्यांना खुपते. टीबीतून वाचलेल्या दोन तरुणींनी, एक मुंबई परिसरातली आणि एक दक्षिण आफ्रिकेतली, २०१९ मध्ये बेडाक्विलिन या औषधाच्या दुसऱ्या पेटंटला अशीच हरकत घेतली. दोघींची श्रवणशक्ती टीबीच्या जुन्या, विषारी औषधांनी गेली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला, आणि मूळ पेटंटची मुदत जुलैमध्ये संपताच भारतीय कंपन्यांना औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. आरोग्याचा हक्क इथे राहतो. पेटंट प्रकरणात हरकतीच्या मुदती, हरकत फेटाळण्याचे निकष आणि चाचण्यांच्या माहितीवरचा एकाधिकार या तीन गोष्टी शोधा.

बियाण्यांचंही तेच. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापील नावाशिवाय विकण्याचाही हक्क दिला. पीक वाणांच्या संरक्षणाच्या 'यूपोव्ह १९९१' या आंतरराष्ट्रीय संकेतात तो बराच आकसतो, आणि युरोपीय देश आपल्या करारांत त्या संकेताचा आग्रह धरत आले आहेत. करारात हे नाव दिसलं की थांबा.

तक्रार कुठे आणि कशाच्या आधारावर

मानवी हक्कांची तक्रार आपल्याकडे पोलीस ठाणं, कामगार आयुक्त, मानवी हक्क आयोग या वाटेने जाते. ती सोडायची नाही. पण माल परदेशी जात असेल तर आणखी तीन वाटा आहेत.

ब्रुसेल्समध्ये युरोपीय आयोगाची नोव्हेंबर २०२० पासून तक्रारींसाठी एकच खिडकी आहे. तिथे युरोपातली संस्था किंवा संघटना तक्रार करू शकते आणि भागीदार देशातल्या संघटनेच्या वतीनेही ती करता येते. पेरू आणि कोलंबियातल्या खाण कामगारांसाठी एका डच युनियनने २०२२ मध्ये अशीच तक्रार दाखल केली. म्हणजे तुमचा पहिला पत्रव्यवहार युरोपातल्या समव्यवसायी युनियनशी व्हायला हवा. धातू, वस्त्र, अन्नप्रक्रिया अशा प्रत्येक क्षेत्राच्या जागतिक महासंघात भारतीय युनियन सभासद आहेतच.

दुसरी वाट परदेशी कंपनीच्या मायदेशातल्या 'राष्ट्रीय संपर्क केंद्रा'ची. विकसित देशांच्या ओईसीडी संघटनेने बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी १९७६ पासून मार्गदर्शक तत्त्वं ठेवली आहेत. भारत त्यात नाही, पण नॉर्वे, स्वित्झर्लंड, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आहेत आणि तक्रार भारतातून करता येते. ओडिशातल्या पॉस्को या कोरियन कंपनीच्या प्रकल्पाविरुद्ध २०१२ मध्ये कोरिया, नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये अशा तक्रारी झाल्या. नॉर्वेच्या केंद्राने तर कंपनीत पैसा गुंतवणाऱ्या आपल्याच सरकारी फंडाच्या व्यवस्थापनाला दोषी धरलं. निकाल बंधनकारक नसतो, पण गुंतवणूकदाराला तो कागद टाळता येत नाही.

तिसरी वाट मालाच्या आयातबंदीची. अमेरिकेच्या १९३० च्या शुल्क कायद्यात सक्तीच्या मजुरीच्या मालाला बंदी आहे, आणि युरोपचा तसाच कायदा १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. जुलै २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या दिंडीगुलच्या एका वस्त्र कारखान्याचा माल अमेरिकेने अडवला. तो सप्टेंबरमध्येच सुटला, कारण तिथल्या महिला कामगारांच्या युनियनने मालकाशी आणि परदेशी ब्रँडशी एप्रिलमध्येच लेखी, बांधील करार करून छळाच्या तक्रारींची व्यवस्था उभी केली होती. नोकऱ्या वाचल्या त्या या करारामुळे.

या वाटांवर पुरावा वेगळा लागतो. 'आमच्यावर अन्याय होतो' एवढं पुरत नाही, अन्याय आणि निर्यात झालेला माल यांची साखळी जोडावी लागते. ऊसतोडीचं उदाहरण घ्या. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२४ मध्ये तो अमेरिकी वृत्तपत्रांत आला आणि साखर विकत घेणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना त्याची उत्तरं द्यावी लागली. तिथे ज्या कागदांना किंमत आली असती ते फडात असतात: मुकादमाच्या वहीतली उचलेची म्हणजे आगाऊ रकमेची नोंद, टोळीचा क्रमांक, कारखान्याची काटा पावती, गाडीचा नंबर, तारीख. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, ही गोष्ट श्रम संघटनेच्या व्याख्येत कर्जाच्या बंधनात मोडते. किमान वेतनाहून कमी मजुरी ही संविधानाच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरी ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्येच सांगितलं आहे. वहीच्या पानाचा तारखेसह काढलेला फोटो, कोयत्यामागे, म्हणजे जोडप्यामागे, हाती पडलेली रक्कम आणि त्याच दिवसाची काटा पावती एकत्र ठेवली की साखळी सुरू होते. कारखान्यात असाल तर पगाराची स्लिप, हजेरी, पीएफच्या नोंदी आणि मालाच्या खोक्यावरचा ऑर्डर क्रमांक.

लहान निर्यातदारांनाही सांगायचं आहे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना ग्लोबलगॅप हे शेतमालाचं प्रमाणपत्र आणि त्यातली 'ग्रास्प' ही कामगारांविषयीची तपासणी नवी नाही. ग्राहकाच्या प्रश्नावलीत सगळीकडे 'होय' लिहून मोकळं होऊ नका. कंत्राटदारामार्फत माणसं येत असतील तर तसं लिहा, त्यांची मजुरी खात्यात जाते की हातात, ते लिहा आणि काय सुधारत आहात तेही लिहा. खोटं 'होय' पुढच्या तपासणीत सापडतं आणि मग अख्ख्या गटाची ऑर्डर जाते. उलट ग्राहकाला लेखी विचारा: सुधारणेचा खर्च दरात धरणार का?

आजच करता येण्यासारखं

भारतात व्यापार कराराला संसदेची मंजुरी लागत नाही. कार्यकारी सरकार सही करतं, कायदा बदलायचा असेल तेव्हाच विषय संसदेत येतो. त्यामुळे सही होण्याआधीचा काळच मोलाचा. वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीला निवेदन द्या, आपल्या खासदाराला नेमका प्रश्न लिहून द्या. वाटाघाटींचे मसुदे माहिती अधिकारात मागितले तर परदेशी संबंधांचं कारण देऊन कलम ८ खाली नकार येतो. म्हणून मसुदा मागू नका, तारखा आणि पदनामं मागा. एफ्टा करारासाठी वाणिज्य विभागाकडे अर्ज असा करता येईल:

'भारत-एफ्टा कराराच्या अकराव्या प्रकरणासाठी भारताने नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याचं पदनाम. या प्रकरणावर संयुक्त समितीच्या किंवा तिच्या उपसमितीच्या झालेल्या बैठकांच्या तारखा आणि विषयसूची. या प्रकरणाबाबत ज्या कामगार संघटनांशी, शेतकरी संघटनांशी आणि राज्य सरकारांशी सल्लामसलत झाली त्यांची नावं आणि तारखा. माहितीचा काही भाग नाकारायचा असल्यास कलम १० नुसार उरलेला भाग द्यावा.'

शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून अर्ज भरता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच विभागाच्या अपील अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा आणि 'कोणाशीही सल्लामसलत झाली नाही' असं उत्तर आलं तर त्याची प्रत आपल्या खासदाराला, आपल्या युनियनच्या महासंघाला आणि जवळच्या वार्ताहराला पाठवा.